दुर्पीचा काटा आणि रागीट परी

करंजवाडीला घरं होती नऊ आणि झरा होता एक. झरा होता खाली रानात, वाडी होती वर टेकडीवर, आणि मधली वाट होती काट्याकुट्यांची, दगडधोंड्यांची. त्या वाटेवरून दिवसभर एक पोर खालीवर करायची. तिचं नाव दुर्पी.

दुर्पी होती आठ वर्षांची, सावळी, मोठ्या मोठ्या डोळ्यांची. आईबाप नव्हते, म्हणून ती मावशीकडे राहायची. एकदा शेजारच्या भागीरथी आजीला ताप आला, तेव्हा दुर्पीने आपणहून तिला घागरभर पाणी आणून दिलं. आजी म्हणाली, "किती गुणाची गं पोर!" ते दुसऱ्या घराने ऐकलं, तिसऱ्याने ऐकलं. मग काय! "दुर्पे, आमची पण आण गं एवढी." "दुर्पे, येताना चार काटक्या आण गं." बघता बघता नऊ घरांचं पाणी दुर्पीच्या डोक्यावर आलं. कुणाला त्यात काही वावगंही वाटेना.

एके दिवशी तिच्या टाचेत काटा मोडला. मावशी म्हणाली, "संध्याकाळी काढू हं." संध्याकाळी भाकऱ्या होत्या. दुसऱ्या दिवशी सारवण होतं. तिसऱ्या दिवशी मावशी विसरली. दुर्पी लंगडत पाणी भरत राहिली. कुणी "गुणाची गं!" म्हटलं की ती हसायची, पण पोटात निखारा ठेवल्यासारखं काहीतरी चुरचुरायचं. ते ती गिळून टाकायची. गुणाच्या मुली रागावत नाहीत, असं तिला वाटायचं.

चौथ्या दिवशी दुपारी ती झऱ्यावर आली. झऱ्याकाठी पांगारा फुलला होता, लालबुंद, जणू झाडाने शेला पांघरला होता. त्याच्या शेजारी एक इवलंसं रोपटं होतं, दोनच पानांचं. दुर्पी रोज त्याला ओंजळभर पाणी घालायची. आजही घातलं, आणि घागर उचलायला वाकली.

"ठेव ती घागर खाली!"

दुर्पी दचकली. पांगाऱ्याच्या फुलातून एक परी बाहेर पडली. बोटाएवढी पिटुकली, लाल झगझगीत झगा, जांभळे नाजूक पंख. परी म्हणजे गोड बोलणारी, मंद हसणारी असंच दुर्पीने ऐकलं होतं. ही तर कमरेवर हात ठेवून, गाल फुगवून उभी! पंखांतून चटचट ठिणग्या उडत होत्या.

"चार दिवस बघतेय मी! चार दिवस! त्या रोपट्याला पाणी घातलंस. स्वतः प्यायलीस का सकाळपासून?"

दुर्पीने आठवून पाहिलं. "नाही गं. राहिलंच."

"राहिलंच म्हणे!" परीने पाय आपटला. "मी ठिणगी परी. या तीन पाकळ्या घे. तीन इच्छा माग. पण नियम ऐक. जे मागशील ते स्वतःसाठीच. दुसऱ्यासाठी मागितलंस की पाकळी करपलीच म्हणून समज."

दुर्पीने हातावरच्या चमचमत्या पाकळ्या पाहिल्या. तिला पहिलं सुचलं तेच ती बोलली. "नऊ घरांच्या घागरी आपोआप भरू देत."

फुस्स! पाकळी काळी पडली.

"नऊ घरांत माणसं नाहीत? त्यांना हात नाहीत, पाय नाहीत?" परी कडाडली.

दुर्पी ओशाळली. तिने नीट विचार केला. "बरं, मग मला खूप ताकद दे. स्वतःसाठीच मागतेय हं! म्हणजे मला एका वेळी दोन घागरी..."

फुस्स! दुसरीही करपली.

"ही कुणासाठी मागितलीस? त्यांच्याचसाठी!" परीच्या पंखांतून ठिणग्यांचा फुलबाजाच उडाला.

तेवढ्यात वरून हाका आल्या. "दुर्पेऽऽ! पाणी कुठाय?" "दुर्पेऽऽ! झोपलीस काय तिथं?"

दुर्पी झटकन घागरीकडे वळली. भार नेमका त्या टाचेवर पडला, आणि मस्तकात कळ गेली. आणि मग गिळलेलं सगळं उसळून वर आलं.

"नाही झोपले!" ती टेकडीकडे तोंड करून किंचाळली. "पाय दुखतोय माझा! चार दिवस दुखतोय! सगळे म्हणतात गुणाची, गुणाची. पण लंगडतेस का, म्हणून एकाने तरी विचारलं?" मग ती परीकडे वळली. "आणि तू! चार दिवस बघत होतीस, तर चार दिवस आली का नाहीस?"

दुर्पीने घाबरून तोंडावर हात ठेवला आणि ती काठावरच्या दगडावर बसली. "मी वाईट झाले का गं?"

परीच्या ठिणग्या विझल्या. ती अलगद दुर्पीच्या गुडघ्यावर बसली. "दुखतंय म्हणून ओरडणारं माणूस वाईट नसतं, बाळ. मला यायला उशीर झाला, हे मात्र खरं. चुकलंच माझं. आता सांग, तुला काय हवंय?"

दुर्पीने उरलेली पाकळी तळव्यावर धरली. मग हळूच म्हणाली, "रोज थोडासा वेळ. फक्त माझा."

तिसरी पाकळी करपली नाही. ती केशरी झाली, सोनेरी झाली, आणि तिच्या तळव्यावर दिव्यासारखी तेवू लागली.

"या दगडावर दुपारचं ऊन असेल तोवर तो वेळ तुझा," परी म्हणाली. "याचाही नियम आहे. कुणी खरंच अडचणीत असेल, तर खुशाल दे. पण लोक काय म्हणतील या भीतीने दिलास, तर पाकळी विझेल."

"आणि काटा?"

"त्याला जादू कशाला? बसायला वेळ हवा, तो तर आलाच की."

दुर्पी पोटभर पाणी प्यायली. पाय धुतला. बाभळीचा एक धारदार काटा घेऊन, ओठ दाताखाली धरून, तिने टाचेतला काटा काढला. एवढा मोठा, काळाकुट्ट!

इतक्यात धापा टाकत मावशी आली. तिच्यामागे गेनूकाका, आडदांड, मिशाळ. "म्हैस तहानलीय माझी!" तो गुरगुरला. "चल, ऊठ!"

दुर्पी घाबरून उठू लागली. तोच मुठीतली पाकळी मिणमिणली, तशी ती पुन्हा खाली बसली. "नाही काका, आज मी नाही आणणार."

"गुणाची समजत होतो तुला!"

"गुणाची आहेच मी. पण पाय माझा आहे," दुर्पी म्हणाली आणि टाच वर केली.

मावशीने ती सुजलेली टाच पाहिली, दगडावरचा काटा पाहिला. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "चार दिवस! माझ्याच घरात लंगडत होती पोर, आणि मी भाकऱ्या थापत बसले!" तिने रिकामी घागर उचलली आणि गेनूकाकाच्या पोटाशी टेकवली. "भरा. म्हैस तुमची आहे ना?"

गेनूकाका मिशांतल्या मिशांत पुटपुटला, पण त्याने घागर भरली. दुसऱ्या दिवसापासून वाडीतला जो तो आपापलं पाणी नेऊ लागला. आठवडाभर सगळे धुसफुसले, "पोर फार रागीट झाली" म्हणाले. मग दमले आणि गप्प बसले. भागीरथी आजीची घागर मात्र दुर्पी अजूनही आणायची, कारण ते तिला मनापासून आवडायचं.

रोज दुपारी ती दगडावर बसायची. कधी केस विंचरायची, कधी बुलबुलासारखी शीळ घालायला शिकायची, कधी नुसतीच झोपायची. टाच बरी झाली. पोटातला निखारा आता रोज चुरचुरत नसे. आणि चुरचुरला, तर ती सरळ बोलून टाकायची.

पांगाऱ्याची शेवटची फुलं गळाली, त्या दिवशी परी आली. "निघते मी," ती म्हणाली. "आता तुझा वेळ तुझा तू राखतेस. पाकळी दे परत."

"जाऊ नकोस!" पाकळी परत देताना दुर्पीचे डोळे भरून आले. तिने पाय आपटला. "राग आलाय मला तुझा!"

"तोंडावर सांगितलंस!" परी आनंदाने टाळ्या पिटत म्हणाली. ती हसली, हसता हसता लाल झाली, केशरी झाली, सोन्याची झाली. सारं रान क्षणभर झळाळलं, पानन् पान लखलखलं, आणि परी त्या उजेडातच मिसळून गेली.

दुर्पीने डोळे पुसले. वरून मावशीची हाक आली. "दुर्पेऽऽ! येतेस का गं, की बसतेस अजून?"

"बसते अजून!" दुर्पी ओरडली.

"बरं, बस!" मावशी म्हणाली.