वर राहिलेला हात

“मग लोक उठून का जातात, वस्ताद?”

केवडानं विचारलं आणि इमामवस्तादांच्या अंगणात उभीच राहिली. वस्ताद ‘बस’ म्हणतील म्हणून वाट बघत होती.

वस्ताद ढोलकीची दोरी ताणत राहिले.

अंगावर जरीचं लुगडं, कोपरापर्यंत बांगड्या, बाहेर भाड्याची मोटार. मोटारीभोवती गावातली निम्मी पोरं. पण बाईचे डोळे बघितले असते तर कुणीही म्हटलं असतं, ही घाबरलीय.

घाबरणारच. हीच केवडा परकरात असताना ओढ्याच्या पलीकडच्या आईला हाक मारत होती. ती हाक वस्तादांनी ऐकली आणि पोरीला तमाशाच्या फडात आणली. कनातीत अगदी मागं, खांबाला टेकून बसलेल्या म्हाताऱ्यालाही तिचं अक्षर न् अक्षर ऐकू जायचं. मग मुंबईच्या एका कंपनीनं ग्रामोफोनचा तवा, म्हणजे गाण्याची तबकडी, काढायला बोलावलं. भोंग्यापुढं तिनं तोंड उघडलं तशी यंत्राची सुई थरथरायला लागली. साहेब म्हणाला, बाई, जरा मागं. अजून मागं. अजून. असं करत करत बाई दाराबाहेर गेली, बाहेरनं गायली, तेव्हा कुठं तवा निघाला.

तो तवा गावोगावच्या हॉटेलांत वाजला. कपातला चहा निवून जायचा आणि लोक म्हणायचे, लाव रे पुन्हा!

आणि आता तीच केवडा समोर उभी राहून गायला लागली, की शेवटच्या कडव्याला लोक धोतराची धूळ झटकत उठायचे.

“उद्या कारंडीच्या जत्रंत दुपारच्या खेळाची हजेरी हाय,” केवडा म्हणाली. “तिथला पंच काय म्हणाला ठाऊक हाय? मोकाशी तात्याबा?”

“काय म्हणाला?”

“म्हणाला, बाई, औंदा बी माणसं उठली तर पुढल्या वर्षी भोंगा लावून तुमचा तवाच वाजवू. तवा दमत न्हाई, रुसत न्हाई, त्याला मोटार लागत न्हाई.”

वस्ताद खदखदून हसले.

“हसता काय? माझ्याच आवाजानं मला घराबाहेर काढायची पाळी आलीय. त्या तात्याबाची...” शिवी ओठावर आली, ती तिनं गिळली. “वस्ताद, माझा गळा गेला का? खरं सांगा.”

“गा.”

“इथं? अशी उभ्यानं?”

“मुंबईत दाराबाहेर उभी राहून गायलीस. हितं अंगण हाय.”

केवडानं पदर खोचला. तव्यातलीच लावणी. ‘थांबा राया, दिवा विझायला उशीर आहे अजून...’ मोटारीपाशी गलका करणारी पोरं गप झाली. शेजारची बाई पीठ माखल्या हातानं दारात आली. गळा? गळा तर असा होता की पत्र्यावरची कबुतरं उडाली.

शेवटचं कडवं आलं.

आणि केवडा पळायला लागली. शब्दावर शब्द पडायला लागले, श्वास अर्धाच घ्यायचा नि पुढं. लावणी संपली ती जणू गाडी सुटत होती.

वस्तादांनी तिच्या डोक्यावरून पलीकडं बघितलं. मग डाव्या बाजूला. मग उजव्या.

“काय शोधताय?”

“कुणाचा हात वर हाय, ते बघतोय.”

केवडाच्या तोंडाचा रंगच उतरला.

तव्यात जागा ती कितीशी! यंत्रातलं गाणं कोरायचं मेण संपत आलं की कंपनीचा साहेब हात वर करायचा. मग शेवटचं कडवं तसंच ओढत न्यायचं, नाहीतर लावणी अर्धी कापली जायची. लोक म्हणायला लागले, अगदी तव्यासारखं म्हणा. म्हणून तिनं स्वतःचाच तवा ऐकून ऐकून गळ्यात बसवला होता. घाईसकट.

“थांबा राया म्हणतीस,” वस्ताद म्हणाले, “आणि राया बसायच्या आत तूच पळतीस. मग तो बसून काय करील?”

“कळलं वस्ताद. उद्या न्हाई पळणार.”

“तुला कळलं.” वस्तादांनी ढोलकी खांद्याला अडकवली. “गळ्याला कुठं कळलंय? चल, मोटार दाव तुझी.”

कारंडीत माणसांचा पूर आला होता. पाळणे फिरत होते, कासारणी बांगड्या भरत होत्या, रेवड्यांवर माशा. मोकाशी तात्याबा पुढंच मांडी ठोकून बसले होते. शेजारी कापडात गुंडाळलेला ग्रामोफोन. मुद्दाम आणला होता, बाईला दिसावा म्हणून.

केवडा उभी राहिली. इमामवस्तादांची थाप पडली आणि मागचे लोक पुढं सरकले. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. शिट्ट्या, फेटे, सगळं झालं.

शेवटचं कडवं.

तिला ठाऊक होतं. तरी पाय उचलला गेलाच. ‘थांबा राया’ म्हणता म्हणता गळ्यानं धाव घेतली. मागं दोन-चार माणसं उठली. तात्याबांनी ग्रामोफोनच्या कापडाची गाठ सोडायला घेतली.

ढोलकी बंद पडली.

केवडानं वळून बघितलं. वस्तादांचे हात ढोलकीवर नव्हते. एक मांडीवर. आणि दुसरा... वर. सरळ, कंपनीच्या साहेबासारखा.

पेटीवाल्याची बोटंही थबकली. कुणीतरी ओरडलं, “म्हातारा झोपला काय!” लोक हसले.

केवडा वस्तादांच्या हाताकडं बघत राहिली. हात वर म्हणजे मेण संपलं. मेण संपलं म्हणजे पळायचं. पण पळायला ढोलकी कुठं होती? पेटी कुठं होती? आता तिच्यापाशी नुसता गळा राहिला होता, आणि त्याच्यापुढं सगळी जत्रा.

तिनं श्वास घेतला. पुरा, पोटातनं.

“थांबा...”

एवढंच म्हणाली. आणि ते ‘थांबा’ सोडलंच नाही. ओढ्यापलीकडच्या आईला मारायची तशी हाक. ती मंडपातनं निघाली, रेवडीवाल्यांवरनं गेली, पाळण्यापर्यंत गेली. पाळणेवाल्यानं पाळणा धरला. वर अडकलेली माणसंही ओरडली नाहीत. कासारणीच्या हातात गिऱ्हाइकाचा हात तसाच राहिला, अर्धी बांगडी चढलेली.

उठलेली माणसं होती तिथंच मटकन बसली.

“...राया.”

कुणीतरी टाळी दिली. मग दुसऱ्यानं. मग सगळी जत्रा टाळीवर आली, आणि टाळी कमी-जास्त होईल तशी केवडा कधी मागं रेलली, कधी पुढं झाली. एकेक शब्द असा फिरवून फिरवून दिला की माणसं ‘हाय हाय’ करत एकमेकांच्या गळ्यात पडली. कडवं संपलं असं वाटलं की ती पुन्हा वळायची. तव्यात न मावलेलं सगळं तिनं त्या दिवशी कारंडीच्या माळावर ओतलं.

संपलं तेव्हा पहिल्यांदा ओरडले ते तात्याबा. फेटा आभाळात. ग्रामोफोन लाथ लागून उताणा पडला होता, त्याची शुद्धच नव्हती त्यांना.

“पुढल्या वर्षी बी बाईच पायजे!” ते ओरडत होते. “दोन दिवस पायजे!”

केवडा घामानं निथळत वस्तादांपाशी आली, वाकून पायांवर डोकं ठेवलं. हसत होती, रडत होती, दोन्ही.

“किती वेळ गायले हो मी, वस्ताद?”

वस्तादांनी मान वर करून बघितलं... आपल्याच हाताकडं.

“काय ठाऊक, पोरी. खाली घ्यायचाच राहिला.”