शेवटच्या वाफ्याचं पाणी

एका राज्यात एक नदी होती, नदीवर बंधारा होता, आणि तो बंधारा दर पुरात फुटत असे. राजा उदग्रसेन दर वर्षी तो नव्याने बांधवी, मागच्यापेक्षा हातभर उंच. हट्टाला औषध नसतं, आणि राजहट्टाला तर वैद्यही सापडत नाही.

फुटण्यामागे शाप होता. पाटाचं पाणी आधी राजबागेला मिळे, मग सरदारांच्या मळ्यांना, आणि उरलंच तर खालच्या गावांना. पाटाच्या अगदी शेपटाला एका मांत्रिकाचा भोपळ्याचा वेल होता. तो वाळून गेला. तेव्हा मांत्रिक म्हणाला, "हा बंधारा टिकणार नाही, आणि जो बांधील तो दगड होईल."

सहा पाथरवट दगड झाले. सातवा झाला खेमा, हातोडी उचललेली तशीच हातात. त्याची लेक सोनकी रोज नदीत उतरून बापाच्या खांद्यावरचं शेवाळ पुसत असे. तिला दुसरं कुणी नव्हतं. एक दिवस ती पुसता पुसता थांबली आणि पाटाच्या कडेकडेने मांत्रिकाकडे चालत गेली.

"तीन कामं कर," मांत्रिक म्हणाला. "पूर कुठवर येतो ते विचार. न वाहून गेलेला दगड शोध. आणि माझी घागर सगळ्यांच्या आधी भर."

सोनकीने टिटवीला विचारलं, "बाई, यंदा अंडी कुठे घातलीस?"

"उंबराच्या मुळाशी. पाणी त्याच्या वीतभर खाली थांबेल."

"मग तेवढा उंच बंधारा बांधू?"

"मी नदीला अडवत नाही," टिटवी म्हणाली. "तिला वाट देते."

मग सोनकी नदीतल्या काळ्या खडकाकडे गेली. हजार पूर त्याच्यावरून गेले होते. "तू कसा राहिलास?" तिने विचारलं.

"मान वर काढली नाही," खडक म्हणाला.

तिसरं काम राजाच्या हातात होतं, म्हणून तेच अवघड. सोनकी दरबारात उभी राहिली. "महाराज, बंधारा मी बांधते. ठेंगणा बांधेन, पूर वरून जाऊ देईन. पण पाणी आधी शेवटच्या वाफ्याला. राजबागेची पाळी सर्वांत शेवटी."

सरदार हसले. राजा हसला नाही. "आणि वाटेत पाणी चोरीला गेलं तर?"

"आजवर जातच होतं, महाराज. खालच्यांना कळे, पण त्यांचं ऐकतो कोण? आता तुमची पाळी शेवटची. थेंब सांडला तरी तुम्हाला कळेल."

"सात माणसं गेली," राजा म्हणाला. "आठवं जाऊ नये. बांध."

खालची गावं चिरे वाहायला आली. सोनकीने अखेरचा चिरा बसवला, आणि तिची बोटं थंड पडली. पाणी पाटात शिरलं. राजबाग मागे पडली तेव्हा ती मनगटापर्यंत दगड झाली होती, मळे मागे पडले तेव्हा खांद्यापर्यंत. ती फार भ्याली होती, पण पाटाचं दार बदलून पाणी जवळच्या वाफ्यात घ्या, असं काही तिने म्हटलं नाही.

शेपटाला घागर भरली. मांत्रिक ओंजळभर प्याला आणि म्हणाला, "पाणी पावलं."

सोनकीच्या हातात रक्त फिरलं. नदीत सात दगडांनी श्वास घेतला. खेमाने बंधाऱ्याकडे पाहिलं, मग लेकीकडे.

"किती ठेंगणा बांधलास गं."

"पूर येऊ द्या, बाबा."

पूर आला. टिटवीच्या घरट्याखाली वीतभर थांबला, बंधाऱ्यावरून गेला आणि ओसरला. एक चिरा हलला नव्हता. खेमाने चारदा चाचपून पाहिलं. मग डोळे पुसले आणि आपली हातोडी लेकीच्या हातात दिली.

तेव्हापासून राजा खोरं घेऊन आपल्या पाळीची वाट पाहतो, आणि त्याचे आंबे झकास येतात. पाणी जसं शेवटच्या वाफ्याला आधी पोचलं, तसं सुख मागच्या ओळीत बसलेल्यांना आधी पोचो.