अनिर्णित सामना

“पाच दिवस उन्हात उभं राहायचं आणि शेवटी सामना अनिर्णित. मग खेळायचं तरी कशासाठी, सर?”

मिरजेच्या मैदानावर आपल्या लोखंडी खुर्चीत बसून मुजावर सर भाजक्या शेंगा फोडत होते. एक फोडली आणि दाणे सम्मेदच्या तळहातावर ठेवले.

सम्मेद चौगुले त्यांचा जुना शिष्य. वीस षटकांच्या सामन्यांत त्याने नाव काढलं होतं. गावातली पोरं त्याच्यासारखे केस कापून घेत. तेवढ्याने माणूस मोठा होत नाही, पण त्याला तसं वाटू लागलं होतं खरं.

आता त्याला लाल चेंडूचं, लांबलचक क्रिकेट सोडायचं होतं. उद्या पुण्याला जाऊन निवड समितीला तसं सांगायचं होतं. घरी सांगून झालं होतं. राहिला होता तो सरांचा होकार, आणि त्याशिवाय सम्मेदच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

मुद्दे त्याने वाटेतच जुळवून ठेवले होते. लोकांना आता वेळ नाही. ज्याला त्याला संध्याकाळी बसून रात्री मोकळं व्हायचं असतं. दिवसभर चेंडू सोडून देणाऱ्या माणसाकडे कोण बघत बसणार?

सर ऐकत होते. शेंगा फोडत होते.

“काहीतरी बोला की, सर.”

“पॅड बांध.”

पोरं सराव आटपून घरी गेली होती. सामानाच्या खोलीला कुलूप लागलं होतं. खेळपट्टीवर एका टोकाच्या यष्ट्या आणि भिंतीला टेकलेली एक जुनी बॅट नि दोन पॅड तेवढे बाहेर राहिले होते, आणि सरांच्या खिशात नेहमीचा एक लाल चेंडू होता.

सरांचे गुडघे कामातून गेले होते. त्यांनी खुर्ची खेळपट्टीच्या मध्यावर ओढून घेतली आणि बसल्या बसल्या चेंडू टाकला.

असला चेंडू सम्मेदला झोपेतही मारता आला असता. त्याने तो कुंपणाच्या भिंतीवरून पार पलीकडे भिरकावला आणि बॅट खांद्यावर टाकून उभा राहिला.

“दुसरा द्या.”

“दुसरा नाही.”

“मग?”

“मग काय? संपला खेळ. निकाल पाहिजे होता ना तुला? लागला.”

सम्मेद हसला. सर हसले नाहीत. त्यांनी पुन्हा शेंगांना हात घातला.

…

गाडी फाटकाशी उभी होती. तो निघून जाऊ शकला असता. पण सरांचा चेंडू हरवून, त्यांना पाठ दाखवून जायचं त्याच्या जिवावर आलं.

तो पायातल्या पॅडसकट भिंत चढून पलीकडे गेला. ज्याची चित्रं चौकाचौकांत लागलेली, तो माणूस घाणेरीच्या झुडपांत रांगत होता. शर्टाची बाही फाटली, हाताला ओरखडे आले. चेंडू मिळाला तेव्हा ऊन उतरलं होतं.

परत येऊन त्याने चेंडू सरांच्या हातात दिला. मग तिथेच उभा राहून तो फाटकाकडे बघत राहिला.

“काय रे?”

“त्या दिवशी बाबा तिथं उभे होते, सर.”

सरांनी मान हलवली. त्यांना सगळं आठवत होतं.

शाळेचा सामना होता, दोन दिवसांचा. पहिल्या डावात सम्मेद शून्यावर बाद झाला आणि झाडाखाली तोंड लपवून रडत बसला. वडील दुकानातून उठून तिथे आले. पुरे झाली ही थेरं, उद्यापासून भांड्यांच्या दुकानात बसायचं, म्हणाले आणि त्याला दंडाला धरून उठवलं. तेव्हा मुजावर सर आडवे आले. पोराचा अजून एक डाव आहे, तो होऊ द्या आणि मग खुशाल न्या, एवढंच ते म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी पोरगं खेळपट्टीला चिकटून राहिलं. धावा फारशा नव्हत्या. चेंडू अडवला, सोडला, अंगावर घेतला, पण हलला नाही. त्याला न्यायला आलेले वडील फाटकाला टेकून संध्याकाळपर्यंत बघत राहिले. त्या दिवशी दुकान उघडायचं राहूनच गेलं. पुढे दुकानाचा विषय त्यांनी कधी काढला नाही.

सरांनी चेंडू पँटीला पुसला.

“त्या सामन्यात कोण जिंकलं रे?”



…

“अनिर्णित राहिला, सर.”

शेंगांच्या टरफलांवर चिमण्या उतरल्या होत्या.

“तुम्ही तेव्हा बाबांना अडवलं नसतं तर…” सम्मेद म्हणाला. “आजवर कधी बोललो नाही मी. माझं जे काही आहे, सर, ते त्या दुसऱ्या डावाचं आहे. तुमचं आहे.”

तो वाकला. सरांनी त्याला पायाशी पोचू दिलं नाही, फाटक्या बाहीला धरून उभं केलं. त्यांचे डोळे भरले होते.

“जा. बॅट घे.”

या वेळी सम्मेदने पायाच्या टाचेने आधी नीट रेघ ओढली. सर खुर्चीतून चेंडू टाकत होते. तो अडवायचा, स्वतः उचलून आणून द्यायचा आणि पुन्हा जाऊन उभा राहायचा. बाहेरचा सोडून द्यायचा. सुटलेला चेंडू आणायला यष्ट्यांमागे दूरवर चालत जायचा. त्याचा फोन पॅव्हेलियनच्या पायरीवर वाजून वाजून गप्प झाला.

घाई कुणालाच नव्हती. दर्ग्याकडून सनईचे सूर येत होते. चेंडू बॅटच्या मधोमध बसला की सरांच्या तोंडून हलकेच “हां” निघायचं, आणि लहानपणी व्हायचा तसाच आनंद त्याला पुन्हा पुन्हा होत होता.

शेवटी अंधारात चेंडू दिसेनासा झाला.

सर खुर्चीच्या पाठीला धरून उठले. हळूहळू चालत यष्ट्यांपाशी आले. पंच दिवसअखेर उचलतात तशा त्यांनी यष्ट्यांवरच्या दोन्ही बेल्स उचलल्या आणि खिशात टाकल्या.

सम्मेद पॅड सोडत होता. त्याने मान वर केली.

“सर… उद्या पुण्याला काय सांगू?”

सरांनी उरलेल्या शेंगा त्याच्या ओंजळीत रिकाम्या केल्या.

“सांग की, चौगुले नाबाद.”