कौतिकबाईच्या दाराची कडी

दाराची कडी वाजली. एकदाच आणि हळूच, आत तान्हे मूल झोपले असावे अशा बेताने. पण त्या घरात अकरा दिवस अशी शांतता होती, की चुलीपुढे बसलेला सुपडू दचकून उठला आणि आईच्या पायांशी बसलेली सहा वर्षांची तुळसा बापाच्या धोतराला बिलगली. दार उघडले, तर उंबऱ्याबाहेर उखाजी महाराज उभे होते.

तापीच्या काठी निमसोंडे नावाचे गाव आहे. चारी बाजूंनी केळीच्या बागा, मधोमध महादेवाचे देऊळ. महाराज दर फाल्गुनात तिथे येत आणि देवळामागच्या पडवीत उतरत. त्यांच्या आईची चार मुले पाळण्यातच गेली होती. म्हणून पाचवे जन्मताच त्याला उकिरड्यावर ठेवले आणि शेजारणीने मूठभर कोंडा देऊन उचलून आणले, की मरणाची नजर त्याच्यावर पडू नये. उकिरड्यावरचा तो उखा. महाराज स्वतः हे हसत हसत सांगत आणि म्हणत, "गावाने टाकलेलं जे असेल, ते आधी माझं नातेवाईक."

आता त्या घरात काय घडले होते ते ऐका.

सुपडू हा हरचंद पाटलांच्या बागेत पाने कापणारा गडी. त्याची बायको कौतिकबाई. गावच्या भंडाऱ्याला बट्टी तळायची म्हणजे कौतिकबाईच, असे वर्षानुवर्षे चालत आलेले. शिवरात्रीच्या पारण्याला पटांगणात दगड मांडून केलेले लांबच लांब चुलंगण पेटले होते. मोठ्या कढईत तेल उकळत होते. समोर पाच बाया बसून उकडलेल्या बट्ट्या कापत होत्या. चुलंगणाचा एक दगड सैल होता, तो निसटला. कढई बायांच्या बाजूला कलली. कौतिकबाईने दोन्ही हातांनी कढईचा कान धरला आणि ती आपल्याकडे ओढली. उजवा हात, गळा आणि अर्धा चेहरा तेलाखाली गेला.

आणि गावाने काय म्हणावे? देवाच्या कामात देवाचे तेल हिच्याच अंगावर का यावे, काहीतरी विटाळ नेला असेल. हे पहिल्यांदा बोलले ते देवळाचे कारभारी हरचंद पाटील. ते बोलले म्हटल्यावर गावाला आणखी काय हवे होते? तिच्या हातच्या बट्ट्या वीस वर्षे खाल्लेली माणसे तिच्या दारावरून मान वळवून जाऊ लागली. एका शेजारणीने तर निरोप धाडला, की कण्हणे जरा हळू करा, आमची पोरे भितात. त्या दिवसापासून कौतिकबाई तोंडात पदर कोंबून पडू लागली. म्हणून त्या घरात शांतता होती. ती शांतता ऐकूनच महाराज आले असावेत, दुसरे काय म्हणावे!

महाराज आत आले आणि जमिनीवर बसले. सुपडू जखमेवरचे धडपे बदलत होता. कापड जखमेला घट्ट चिकटलेले. पाणी शिंपडून तो ते उचली, तशी वरची नवी कातडी कापडाबरोबर निघून येई. तुळसा कानांत बोटे घालून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिला ती सवय झाली होती. महाराजांनी ते पाहिले आणि त्यांचे डोळे लाल झाले.

"असं रोज करतोस?"

रोज दोनदा, सुपडू म्हणाला. वैद्यांनी सांगितले होते, की असेच चालले तर जखम वाळणार नाही, आणि हिला रामनवमीही दिसायची नाही.

"केळीचं कोवळं पान उकळत्या पाण्यातून काढ, निववून मग लाव," महाराज म्हणाले. "ते अंगाला चिकटत नाही. तू तर पानंच कापतोस."

सुपडूने खाली बघतच सांगितले. त्याने पाने मागितली होती. पाटलांनी त्याला दहा माणसांत विचारले होते, ज्या पानावर रामाचा प्रसाद वाढायचा त्याने तू पू पुसणार का रे? रामनवमीचा भंडारा होईपर्यंत बागेतले एक पान हलता कामा नये, आणि हलले तर सुपडूने उद्यापासून येऊ नये.

महाराज तसेच उठले आणि भर उन्हात बागेकडे निघाले.

हरचंद पाटील बांधावरच्या खाटेवर बसले होते. भोवती चार हुजरे. महाराजांनी पाच पाने मागितली. पाटील आधी हसले. मग म्हणाले, की साधूने नामस्मरण करावे, बायकांच्या मलमपट्ट्या करू नयेत. मग त्यांची नजर बांधाच्या कडेला गेली. घड उतरल्यावर कापून टाकलेले एक खोड तिथे काळे पडून उभे होते.

"ते घ्या की, महाराज. त्याची वाटेल तेवढी पानं घ्या. जन्मभर घ्या."

हुजरे खो खो हसले. महाराज हसले नाहीत.

"दिलंस?"

"दिलं. हे सगळे साक्षीला आहेत."

महाराजांनी तुंबीतले उरलेले पाणी त्या खोडाला घातले, त्यावरून हात फिरवला, लेकराच्या डोक्यावरून फिरवावा तसा, आणि माघारी वळले.

संध्याकाळी त्यांनी झोळी घेतली. पण भाकर कोणाकडेच मागितली नाही. दारोदार एकच सांगितले, "घरटी एक माणूस द्या, दिवसाची एक घटका द्या. वारा घालायला, पाणी भरायला, पोरीची वेणी घालायला." कुणी कामाची सबब सांगितली, कुणी विटाळाची. एकाने तर महाराजांनाच सल्ला दिला, की आपण थोर माणसे, असल्या घरी जाऊ नये. त्या घरापुढे महाराज मोठ्याने म्हणाले, "ती देवाचं जेवण करताना जळली, बाबांनो. तुमच्या घशातून उतरलं ते तिच्या हातचं होतं." तरी ते दार लागलेच. लाजेने लागले की रागाने, ते ज्याचे त्याला ठाऊक.

शेवटच्या दारात धुरपदाबाई उभी होती. म्हातारी, एकटी, आणि त्या दिवशी चुलंगणासमोर बसलेल्या पाच जणींतली एक. ती महाराजांच्या मागून आली. कौतिकबाईच्या घरी येऊन तिने तांब्याची परात मागितली, त्यात घरचे तूप घातले आणि पाणी घालघालून ते तांब्याच्या बुडाने घोटायला बसली. जळलेल्यासाठी तूप शंभर वेळा धुवावे लागते. तिसावे पाणी ओतून देताना ती हळूच म्हणाली, "मी समोरच बसले होते गं माय." कौतिकबाईने डावा हात तिच्या गुडघ्यावर ठेवला. म्हातारीचे हात दुखू लागले तेव्हा दारात दुसरी उभी होती. तिच्यामागे तिसरी.

सकाळी सुपडू बागेत गेला तो पळत परत आला. त्या काळ्या खोडातून पाच पाने निघाली होती. पोपटी, कोवळी, हात लावला तर थंडगार.

पाने लावली. दुसऱ्या दिवशी काढली, तर ती सहज निघून आली. कातडीचा कणही बरोबर आला नाही. तुळसाने कानांतली बोटे काढली. एवढे सुख पुरे होते, पण दर सकाळी पाच पाने येतच राहिली, आणि आता घरात रोज सात-आठ बाया असत. एक तूप घोटी, एक भाकरी थापी, एक तुळसाला मांडीवर घेऊन बसे. ज्या शेजारणीने निरोप धाडला होता, तीही एकदा पाण्याची घागर आणून दारात ठेवून गेली. आत मात्र आली नाही.

पाटील सगळ्यांना सांगत, कापलेले खोड बोटभर वर येतेच, त्यात कसले नवल. नवव्या दिवशी मात्र त्यांच्या कानावर आले, की माणसे त्या खोडाला नमस्कार करून जातात. त्यांनी ते कुदळीने मुळासकट उपटवले आणि गावाबाहेरच्या उकिरड्यावर फेकायला लावले.

पुढच्या सकाळी ते उकिरड्यावर ताठ उभे होते. पाच पाने वाऱ्यावर हलत होती.

महाराज तिथे गेले आणि पोट धरून हसले. म्हणाले, "आता हे माझ्या घरचं झालं. आता कोणाला विचारायला नको."

रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी भंडारा होता. कौतिकबाई जगली होती. जखमा भरल्या होत्या. कातडी मात्र जागोजाग ओढलेली, उजवी पापणी खाली आलेली, ओठाची एक कड गळ्याकडे खेचलेली. तुळसाचा हात धरून ती पंगतीच्या अगदी शेवटी येऊन बसली. माणसांनी पाहिले आणि पाहिले नाही असे केले.

पाटील तुपाची चरवी घेऊन वाढायला निघाले होते. तिला पाहताच ते सुपडूवर कडाडले, "हिचं पान घरी पोचवता आलं नसतं का? समोर बसवलीस, माणसांच्या घशाखाली घास उतरायचा नाही."

चारशे माणसे बसली होती. एकही बोलला नाही. धुरपदाबाईने फक्त आपले पान उचलले आणि ती कौतिकबाईशेजारी जाऊन बसली. मग महाराज उठले. पंगतीच्या अग्रभागी त्यांच्यासाठी पाट आणि रांगोळी मांडलेली होती. ती सोडून ते तुळसाच्या पलीकडे जमिनीवर येऊन बसले.

पाटलांनी दात खाल्ले आणि वाढायला सुरुवात केली. एकेका पानावर तुपाची धार धरत ते शेवटापर्यंत आले. धुरपदाबाईला वाढले. कौतिकबाईच्या पानावरून चरवी तशीच पुढे नेली.

तिथेच त्यांच्या हातातून चरवी पडली. बोटांपासून खांद्यापर्यंत उजव्या हाताची आग आग होऊ लागली. ते जमिनीवर बसले, मग लोळू लागले. हातावर डाग नाही, फोड नाही. कुणी पाणी ओतले तर आग दुप्पट झाली. त्यांचे ते ओरडणे ऐकून पंगतीतली पोरे रडू लागली आणि भोवतीची माणसे मागे सरकली. बांधावर हसणारे चार हुजरे सगळ्यांत आधी सरकले.

पाटील रांगत महाराजांपाशी आले. सोडवा म्हणाले.

"मी काय करणार?" महाराज म्हणाले. "पान माझ्याकडे नाही. या बाईंकडे आहे, त्यांना विचार. आणि त्या नाही म्हणाल्या तर मी त्यांना एक शब्द बोलणार नाही."

सकाळी लावायला आणलेल्या पाच पानांतले एक कौतिकबाईच्या पदरात गुंडाळलेले होते. गळा अजून ओढत असे, म्हणून ती ते जवळ बाळगी. तिने ते बाहेर काढले, पण पुढे केले नाही. तिचा आवाज आता पूर्वीसारखा राहिला नव्हता.

"पान देते, आबा. आधी एवढं सांगा. चुलंगणाचा दगड हलतो हे त्या दिवशी तुम्हाला कोणी सांगितलं होतं का?"

पाटील कण्हत होते.

"सांगितलं होतं."

"कोणी?"

"तूच."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"पंगत खोळंबली म्हणालो. उरक म्हणालो."

"आणि कढई माझ्यावर कशी आली?"

पाटलांनी डोळे मिटले. "तू ओढून घेतलीस. समोर बाया होत्या. मी तिथेच उभा होतो, मी पाहिलं होतं."

कौतिकबाई पुढे सरकली आणि ज्या हाताने कढई धरली होती त्याच वाकड्या बोटांनी तिने ते पान पाटलांच्या हातावर गुंडाळले. आग विझली. जशी आली तशीच गेली.

पाटलांनी महाराजांचे पाय धरायला हात पुढे केले. महाराजांनी पाय मागे घेतले आणि नुसते बोट दाखवले. तेव्हा निमसोंड्याच्या कारभाऱ्याने, चारशे माणसांदेखत, आपल्या गड्याच्या बायकोपुढे मातीत डोके टेकले. ते उठेनात. शेवटी कौतिकबाईच म्हणाली, "उठा आबा. पंगत खोळंबली."

पाटील उठले. चरवीत राहिले होते तेवढे सगळे तूप त्यांनी तिच्या पानावर वाढले आणि तिच्यासमोर उभे राहिले. ती पहिला घास घेईपर्यंत पंगतीत कोणी अन्नाला हात लावला नाही. महाराजांनीही नाही.

तिने घास उचलला. तेवढ्यात तुळसाने तिचा पदर ओढला. पोरीने इतका वेळ सगळे नीट ऐकले होते, आणि लहान मुलांना हळू बोलणे कुठे येते?

"आई, महाराजांनी आपली कडी वाजवली नसती, तर या सगळ्यांतल्या कोणी वाजवली असती?"

घास हातातच राहिला. कौतिकबाईने पंगतीकडे पाहिले, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि एकेक मान खाली गेली. तिने लेकीकडे पाहिले. मग हातातला तो घास तिने लेकीच्याच तोंडात घातला.