पोवळाआत्याचा गारेचा गोळा

फार वर्षं झाली. खारकोंडाला तेव्हा धक्का नव्हता, दीपस्तंभ नव्हता, आणि गलबत वेळेवर आलं नाही तर विचारायला जावं असं एकच दार होतं, पोवळाआत्याचं.

आत्याकडे गारेचा, म्हणजे स्फटिकाच्या दगडाचा, एक गोळा होता, बेलफळाएवढा, पाण्यासारखा नितळ. कोणी म्हणतं, तो तिला ओहोटीच्या वाळूत सापडला. कोणी म्हणतं, फुटलेल्या जहाजावरच्या एका परदेशी म्हाताऱ्याला तिने पेज पाजली आणि त्याने जाताना तिच्या ओटीत टाकला. गावात यावर आजही एकमत नाही, तेव्हा तुम्हाला आवडेल ते धरा.

तिची रीत अशी. सुपात तांदूळ पसरायचे, त्यावर गोळा ठेवायचा आणि विचारायला आलेल्या बाईला आधी बोलतं करायचं. समुद्रावर गेलेला तिचा माणूस आवडीनं काय खातो, कशाला चिडतो, झोपेत काय बडबडतो. बाई बोलत असे आणि आत्या तिचा हात धरून गोळ्यात बघत राही. हळूहळू तो माणूस आत उमटे, असं म्हणतात. दिसला की आत्या सांगे. नाही दिसला तर तेही सांगे, पण हात सोडत नसे. विचारणारीने स्वतः मात्र आत डोकावायचं नाही. का, ते कोणी कधी विचारलं नाही, कारण आत्या भारी तापट होती.

एका थंडीत धाकू खारव्याचं गलबत आलं नाही. बरोबरची सगळी आली, तेवढंच राहिलं. त्याची बायको द्वारकी, लग्नाला अजून वर्षही न झालेली पोर, रोज समुद्रकाठच्या पुळणीवर जाऊन उभी राही. तिला घास गिळवेना. मग एका सकाळी समुद्रावर असं धुकं पडलं की काठाला बांधलेल्या होड्यासुद्धा दिसेनात. तिला राहवेना. ती आत्याच्या घरी धावली, तर आत्या खाडीत कालवं काढायला गेलेली. अंगणात सूप होतं, वर फडकं होतं. द्वारकीने फडकं उचललं आणि वाकून बघितलं.

आत धाकूचं गलबत होतं. उलटं. डोलकाठी खाली आणि तळ वर.

तिची किंकाळी खाडीच्या पार टोकाला ऐकू गेली, असं म्हणतात. बायका जमल्या. गोळ्यात दिसलं म्हणजे खरंच, शंका कोण घेणार? रडारड सुरू झाली. द्वारकीला पुळणीवर नेऊन बसवलं आणि एका म्हातारीने तिच्या बांगड्या फोडायला दगड उचलला.

तेवढ्यात आत्या चिखलाच्या पायांनी धावत आली. वाटेत तिने गोळा उचलून आणला होता.

"थांबा गो! ह्यात कोनी बगितलं?"

"मीच बगितलं, आत्या," द्वारकी म्हणाली. "बुडालं गो. उलटं झालंय."

आत्या तिच्याजवळ खाली बसली. तिने पोरीला जवळ ओढलं आणि गोळा तिच्या डोळ्यांपुढे धरला.

"आता माज्यासंगती बग. हे माड कसे हायत?"

"उलटे."

"आनि ही दगड घेऊन उभी हाय ती?"

द्वारकीने आणखी वाकून बघितलं. "तीपन उलटीच."

"ह्यात सगळं जगच उलटं दिसतं, बाय. उलटं दिसलं म्हंजे गलबत सरळ हाय. तुजा धाकू येतोय."

म्हातारीने दगड गुपचूप टाकून दिला. पण येतोय तर कुठून? समोर धुकं आणि त्या धुक्यात खडक. आत्या उठली, गळाभर पाण्यात गेली आणि गोळा दोन्ही हातांनी डोक्यावर धरला. आभाळात सूर्याचा पत्ता नव्हता, तरी गोळा पेटला आणि पाण्यावर उजेडाची वाट पडली, असं म्हणतात. त्या वाटेने, खडक चुकवत, धाकूचं गलबत आलं. शीड फाटलेलं, पण माणसं सगळी धड होती.

द्वारकी वेड्यासारखी पाण्यात धावली. लाटेने तिचे पाय उचलले. आत्याने तिला दोन्ही हातांनी कवेत घेतलं आणि गोळा सुटला. ओहोटी लागल्यावर साऱ्या गावाने वाळू चाळली, पण तो काही मिळाला नाही.

"हळहळ वाटत नाय गो?" बायकांनी विचारलं.

"वाटते. का नाय वाटनार?" आत्या करवादली. "पन पोर मोठी का गार मोठी?"

त्यानंतरही बायका तिच्या दारी येतच राहिल्या. दाखवायला आत्याकडे काही नव्हतं. ती नुसती शेजारी बसे. येणाऱ्या बाईला तेवढंच हवं असायचं, हे तेव्हा कुठे गावाच्या ध्यानात आलं.

आता गलबतं गेली. खारकोंडाची मुलं दूरदेशीच्या बोटींवर असतात. कुणाचा फोन लागेनासा झाला की शेजारीण न बोलावता येते आणि त्याच्या आईजवळ बसते. याला गावात 'आत्या बसली' असं म्हणतात. बातमी येईपर्यंत ती उठत नाही. बातमी वाईट आली, तरी उठत नाही.