शहाण्या तोफेसमोर कोण उभं राहणार?

ताम्रगडच्या अभिमानराव राजांना तोफ हवी होती, आणि तीही विचार करणारी! सौदागर विश्वंभरशेठनं ती भर दरबारात आणून उभी केली. "महाराज, हिच्या पोटात कृत्रिम अक्कल आहे! आपला कोण, शत्रू कोण, हीच ओळखते आणि हीच गोळा डागते. कधी म्हणजे कधीच चुकत नाही!"

राजे खूश! उद्याच तोफ तटावर चढवायचं ठरलं. खरेदीच्या घाईत जेवणाचं ताटही त्यांनी दरबारातच मागवलं.

ताट घेऊन आलेली स्वयंपाकीण बयजाबाई फिस्सकन हसली. हसली खरी, पण मनातून पार घाबरली होती बिचारी. तिचे दोघे भाऊ त्याच तटाखाली गस्त घालायचे ना!

"हसतेस? मग तूच पारख!" राजे कडाडले. "पण तोफ उघडायची नाही, गोळा उडवायचा नाही, आणि माझं जेवण उरकायच्या आत निकाल हवा. नाही जमलं, तर तोफ तटावर आणि तू गडाबाहेर!"

झाली का पंचाईत! राजे जेवायचे भराभर.

बयजाबाईनं नेहमीप्रमाणे ताटातला पहिला घास स्वतः खाल्ला आणि म्हणाली, "महाराज, रांधणारीनं आधी खाऊन दाखवायचं, हा आपला रिवाज. शेठजींनाही लावा की! तोफ भरा आणि यांना समोर उभं करा."

"एवढंच ना? ती मला चांगली ओळखते!" शेठ ऐटीत म्हणाला.

"अहो, माझे भाऊ असा रेशमी अंगरखा घालून येत नाहीत! चिखलानं माखलेले, डोईवर घोंगडी, कधी जखमी गडी पाठीवर. तसेच या तुम्ही!"

शेठचा चेहरा खर्रकन उतरला. "तसं... तसं अजून शिकवलं नाही तिला."

"मग अशा माणसाला ती काय समजेल?"

"ते काही सांगता येत नाही."

"आणि म्हणे कधीच चुकत नाही!"

राजांचा शेवटचा घास हातातच राहिला. "शेठ, उचला तुमची तोफ! पण काय गं बयजे, हा बेरकी खरंच उभा राहिला असता तर?"

"तर म्हटलं असतं, विकणारा उभा राहिला, आता विकत घेणाऱ्यांनीही शेजारी उभं राहावं!"

राजांना जोराचा ठसका लागला, आणि मग ते असे खदखदून हसले की बसल्या पाटावरून घसरले. हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी बयजाबाईला दिलं आणि हुकूम सोडला, "आजपासून गडावर नवं हत्यार येईल, ते हिनं पारखल्यावरच!"