उंबरपाटचा नकार

एका राज्यात बारा वर्षं लढाई चालली, तेराव्या वर्षी संपली. जिंकलं कोण ते विचारू नका. उंबरपाट गावाच्या वाट्याला फुटका बंधारा आला, कोरडा पाट आला, आणि वर एक शाप आला. शत्रूचा मांत्रिक पळता पळता गावच्या विहिरीत मूठभर राख टाकून गेला. त्या दिवसापासून राजासमोर किंवा राजाच्या माणसासमोर गावकऱ्याने तोंड उघडलं, की 'जशी आज्ञा' याखेरीज शब्द फुटेना.

राजा भला होता हो, तीच तर पंचाईत. त्याने हुकूम धाडला, बंधारा वडाच्या वळणावर बांधा. तिथे खाली नुसती वाळू, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. सगळे म्हणाले, जशी आज्ञा. पहिल्या पुरात बंधारा गेला. दुसरा हुकूम आला, तिथेच बांधा, पण दुप्पट उंच. तोही गेला. मग तिसऱ्या हुकुमाची दवंडी पिटली: चौथ्या दिवशी महाराज स्वतः येतील आणि गाव उठवून डोंगरापलीकडे वसवतील.

हौसाचा बाप गावचा पाटकरी, शेताशेताला पाळीने पाणी सोडणारा. तो लढाईत गेला. आता गावही जाणार म्हणून ती कोरड्या पाटात बसून रडली. तेव्हा काठावरचा भारद्वाज बोलला. पक्षी त्या राज्यात बोलतच.

"मांत्रिकाने एकेकाची जीभ बांधली," भारद्वाज म्हणाला. "गावाची बैठक बांधायची राहिली. तशी काही चीज असते, हे त्याला ठाऊकच नव्हतं. पहिल्या दिवशी सगळ्यांना एकत्र बसव. दुसऱ्या दिवशी मनसोक्त भांडू दे. तिसऱ्या दिवशी एका विचाराने उठव."

पहिल्या दिवशी माणसं आली, पण एकमेकांकडे पाठ करून बसली. लढाईत कोण कुणाची चुगली करी याचा नेम नव्हता ना. संध्याकाळी मुकाट घरी गेली.

दुसऱ्या दिवशी मात्र तोंडं सुटली, आणि काय सुटली म्हणता! जुने बांध निघाले, चोरलेले बैल निघाले, दुपारपर्यंत कुणाचं कुणाला ऐकू येईना. मग म्हातारा बयाजी कुंभार उठला. बंधारा वरच्या काळ्या खडकावरच टिकेल, हे पाटकऱ्याच्या लेकीला आधीपासून ठाऊक असणार, असं तो म्हणाला. मग आपसात तरी ती बोलली का नाही?

हौसाची मान खाली गेली. खडकावरून पाट काढला, तर तो तिच्या एकुलत्या एका वावराच्या मधोमध जाणार होता.

"आपसात कसला शाप, बाबा," ती म्हणाली. "वावर जाईल म्हणून गप्प बसले. माझं चुकलं."

मग एकेकाने आपापलं लपवलेलं सांगितलं. तिसऱ्या दिवशी ठरलं: बंधारा खडकावर, पाट हौसाच्या वावरातून, पाण्याची पाळी बैठक ठरवेल, गाव हलणार नाही.

चौथ्या दिवशी राजा आला, गाव सोडा म्हणाला. हौसाची जीभ 'जशी'कडे वळू लागली. तिने बयाजीचा हात धरला, त्याने शेजाऱ्याचा, आणि अख्खं गाव एका तोंडाने बोललं, "नाही, महाराज."

घोडे बिचकले. विहिरीतून मूठभर राख उडाली, वाऱ्यावर गेली.

राजा घोड्यावरून उतरून बैठकीत मातीवर बसला. "मला वाटे, माझे हुकूम तुम्हाला पटतात," तो म्हणाला. "आता तुम्हीच सांगा, काय करू?" गावाने त्याला दगड वाहायला लावले, आणि त्याने ते वाहिले.

पूर आला, गेला, बंधारा तसूभर हलला नाही. पाणी हौसाचं वावर चिरत निघालं तेव्हा तिला वाईट वाटलं, डोळे भरले, खोटं कशाला सांगू? पण पहिली पाळी शेवटच्या वावराची, असं बैठकीने ठरवलं होतं. हौसाने फावडं उचललं, स्वतःच्या वावराचं तोंड मातीने बंद केलं आणि पाणी पुढे जाऊ दिलं.

तिची पाळी सातव्या दिवशी आली. आमची कहाणी तिथवर भिजली, तिथेच पिकली.